पोटुशी

सगळा माळ करपला होता आणि पोटुशीच्या कुशीवर तेवढं हिरवं होतं.

थर्झाला ते दिसलं तेव्हा ती मजुरीवर शेतातल्या गारगोट्या वेचत होती. पाठ सरळ करायला म्हणून उठली, नजर वर गेली, आणि पाठ अर्धी वाकलेलीच राहिली.

मे महिन्यापासून पावसाचा थेंब नव्हता. खडूच्या माळावर माती असते ती किती, जेमतेम वीतभर. ती तापून तापून राखेसारखी झाली होती. गवत पायाखाली काड्यांसारखं मोडत होतं. माळाच्या माथ्यावर पोटुशी. कुण्या जुन्या राजाचं थडगं आहे म्हणत, पण गाव त्या टेकाडाला पिढ्यान्‌पिढ्या पोटुशीच म्हणत आलं होतं, कारण खालच्या वाटेवरून बघितलं की बाई उताणी निजलीय आणि तिचे दिवस भरत आलेत असंच वाटायचं. एरवी तीही हिरवी असायची. यंदा तिचं पोट वाळल्या कातड्यासारखं झालं होतं, आणि त्या कातड्यावर, उगवतीच्या अंगाला, पाळण्याएवढा एक हिरवा तुकडा.

"आये," थर्झा म्हणाली, "वर बघ."

लियानं मान वर केली नाही. तिची बोटं चालू होती. खडूतून गारगोटी उपसायची, ओच्यात टाकायची, ओचा भरला की ढिगावर ओतायची. तिच्या दहा बोटांपैकी सहांना चिंध्या बांधलेल्या होत्या.

"बघितलंय म्या," ती म्हणाली. "चार दिस झाले. तू वेच."

"आपल्या बाला सांगितलंस?"

"त्याला डोळे हायत."

दुपारी भाकरतुकडा खायची वेळ झाली तशी लिया शेतातून उठली, उन्हातून सरळ पोटुशीवर चढली आणि त्या हिरव्या तुकड्यावर जाऊन बसली. घागरा चारी बाजूंनी नीट पसरून बसली. पाव आणि कांदा तिथंच खाल्ला. खालच्या सगळ्या बायका कुंपणाच्या सावलीत आणि ही एकटी टेकाडावर भर उन्हात.

"तुझ्या आईला ऊन लागलं का काय गं?" एक जण म्हणाली.

"वारं असतं तिथं," थर्झा म्हणाली. वारं कुठलं. पान हलत नव्हतं.

तीन वर्षांमागं मार्चात, ऐन मेंढ्या वीत असताना, थर्झाचा बाप ईनोस पोटुशीच्या आडोशाला ताट्यांचा वाडा घालून राहिला होता. ईनोस लिडियार्ड मालकाचा मेंढपाळ. त्याला जेवण द्यायला म्हणून लिया वर आली आणि दीड महिना आधीच तिथंच, त्याच्या चाकांच्या खोपीत, बाळंत झाली. मुलगी. ओल्या कोकराएवढीच. उजाडताना आली आणि श्वास घेताना तिच्या बरगड्या आत आत जात होत्या.

"पळ," बाप म्हणाला. "पाद्रीसाहेबाला आण. बाप्तिस्म्याचं पाणी घातल्याशिवाय जायला नको."

थर्झा तेव्हा अकरा वर्षांची. ती तीन मैल बर्फातून पळाली. पाद्रीबाबाच्या दारात उभी राहिली तेव्हा तिच्या एका पायात बूट नव्हता आणि तिला ते ठाऊकही नव्हतं. मोलकरीण आत गेली. दार उघडं राहिलं होतं, म्हणून थर्झाला आतलं दिसलं. पाद्री ऑसगुड गळ्यात रुमाल खोचून न्याहारीला बसलेला. अंडं फोडत होता. त्यानं खिडकीतून बाहेर बघितलं आणि म्हणाला, "या बर्फात? थांबू दे जरा. उद्या सकाळी येईन म्हणावं."

ते अंडं थर्झा विसरली नाही. त्याच्याच शाळेत ती शिकत राहिली, त्याच्याच समोर बायबल वाचून तिनं बक्षीस घेतलं, आणि दर वेळी त्याच्याकडे बघताना तिला ते अंडं दिसायचं.

पोर दुपारपर्यंत टिकलं. लियानं तिला सेलीना म्हटलं, पण ते आईनं म्हटलेलं. पाद्रीनं म्हटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ईनोस टोपी हातात घेऊन पाद्रीकडे गेला, तेव्हा पाद्री म्हणाला की बाप्तिस्मा नसलेल्याला चर्चच्या आवारात जागा देता येत नाही, नियम काही माझा नाही. अगदी मऊ आवाजात म्हणाला. बसायला मात्र सांगितलं नाही.

मग त्यांनी तिला पोटुशीच्या कुशीत ठेवलं. ईनोसनं आपल्या झग्याची बाही कापली. लियानं वर्षभर बसून भरलेली बाही, मनगटाशी मेंढपाळाच्या आकडीची, वाकड्या मुठीच्या काठीची वीण. तिच्यात पोर गुंडाळलं. मुठीत लोकरीचा पुंजका दिला, मेंढपाळ मेल्यावर त्याला देतात तसा. मेंढपाळाला रविवारी मेंढरं सोडून चर्चला जाता येत नाही. निवाड्याच्या दिवशी वर विचारलं की कुठं होतास, तर त्यानं नुसती मूठ उघडायची.

आणि इथंच ईनोसचं चुकलं. कुणा नांगऱ्याचं चुकलं नसतं, कुणा सुताराचं चुकलं नसतं. पण ईनोस मेंढपाळ, आणि माळावरची तळी तुडवणारा. खडूत पाणी ठरत नाही म्हणून तळ्याच्या तळाला चिकणमाती अंथरतात आणि ती अनवाणी तुडवून तुडवून अशी घट्ट करतात की वर्षानुवर्षं थेंब झिरपत नाही. त्या साली तळं नव्यानं बांधायचं होतं, मातीचा ढीग तिथंच पेंढ्याखाली होता. कोल्ह्यानं उकरू नये म्हणून ईनोसनं लेकीखाली ती माती घातली, लेकीवर घातली, कडेनं घातली आणि बर्फात बूट काढून तुडवली. वर गवताचा थर जसाच्या तसा बसवला. दुसऱ्या दिवशी त्याला स्वतःलाही जागा ओळखता आली नाही.

आता तळं आटलं होतं. जूनमध्येच मेंढरं नदीकाठी दुसऱ्या मेंढपाळाच्या हाताखाली गेली होती आणि ईनोस रिकामा, मालक सांगेल तो दगड उचलत होता. पण लेकीवरच्या चिकणमातीनं तीन हिवाळ्यांचं पाणी धरून ठेवलं होतं.

"माझ्याच पायानं केलं म्या हे," संध्याकाळी जेवताना तो म्हणाला. ताटलीतला उकडलेला बटाटा त्यानं नुसता इकडून तिकडं केला.

"गवत उपटून टाकू," थर्झा म्हणाली.

"उपटलं तर खडू दिसंल. ह्या तपकिरीत पांढरा डाग चार मैलांवरनं दिसतो."

"मीठ टाकू. पिवळं पडंल."

"माझ्या लेकीवर मीठ?" लिया म्हणाली, आणि तो विषय तिथं मिटला.

थर्झानं दोनदा वाळलं गवत नेऊन वर पसरलं. दोन्ही वेळा माळावरच्या बकऱ्यांनी ते बाजूला सारून खालचं हिरवं कुरतडलं. हिरवं आणखी दाट आलं. म्हणून मग लिया रोज दुपारी जाऊन बसू लागली. तिला दुसरं काही सुचलं नाही, आणि खरं म्हणजे दुसरं काही नव्हतंच.

नवव्या दिवशी पाद्री ऑसगुड तट्टावर बसून माळावर आला. बरोबर लिडियार्ड मालक. पाद्रीच्या खोगिराला खुंट्या आणि दोरीचं बंडल. मागच्या वर्षी त्यानं शेजारच्या गावचं टेकाड खणलं होतं आणि तेव्हापासून त्याला या छंदानं झपाटलं होतं. शाळेत भूगोलाच्या तासालाही तो हाडांबद्दल बोलायचा.

"ती बाई तिथं काय करतेय?" त्यानं विचारलं.

"जेवतीया साहेब," थर्झा खालून म्हणाली.

"जेवण झालेलं दिसतंय."

लियाच्या मांडीवर खरंच काही नव्हतं. मालकानं काठी हलवली. "ऊठ गं. पाद्रीसाहेबांना मोजमाप घ्यायचंय."

लिया उठली नाही. "पायाला मुंग्या आल्यात मालक," ती म्हणाली. "जरा थांबा."

दोघं थांबले. ती बसून राहिली. तट्टू शेपूट हलवत होतं. मग मालक पुढं गेला आणि काठीचं टोक त्यानं तिच्या घागऱ्याच्या काठाखाली घातलं, आणि कुंपणातली बकरी हुसकावतात तसं वर उचललं.

लिया उठली. घागऱ्याखालचं गवत दाबलं गेलं होतं, पण हिरवंगार.

पाद्री तट्टावरून उतरला तो जवळजवळ पडलाच. "लिडियार्ड," तो म्हणाला, "हे पाहिलंत? सगळीकडे सुकलंय आणि इथं हिरवं. खाली काहीतरी आहे. खड्डा आहे, माणसानं केलेला." त्यानं गुडघे टेकून त्या गवतावरून हात फिरवला, एखाद्या पोराच्या केसांवरून फिरवावा तसा. लिया ते बघत उभी होती. थर्झा आईच्या हाताकडे बघत होती. चिंध्यांमधून रक्त वर येत होतं इतकी मूठ आवळलेली.

ईनोसला बोलावलं. तो आला, टोपी काढली, आणि आयुष्यात पहिल्यांदा थर्झानं बापाला खोटं बोलताना ऐकलं.

"तिथं खणू नका पाद्रीसाहेब. मेंढी पुरलीया तिथं. रोगानं मेलेली. वास सुटंल."

"मेंढी?" पाद्री हसला. "मग मेंढीही बघू."

पण मालक हसला नाही. "कुठली मेंढी? कवाची?"

"तीन वर्सं झाली मालक."

"मला कुणी सांगितलं नाही. कातडं कुठाय तिचं? माझी मेंढी मेली तर कातडं माझ्या दारात यायला पाहिजे. का मांस घरी गेलं आणि हाडं इथं आली?"

बत्तीस वर्षं ईनोसनं या माणसाची आणि याच्या बापाची मेंढरं राखली होती आणि एक शेपूट कमी भरलं नव्हतं. त्याचा चेहरा मानेपासून वर लाल होत गेला.

"नसंल मालक," तो शेवटी म्हणाला. "चुकलो. दुसरीकडं आसंल. म्हातारपण आलं."

"आठवण ठेव," मालक म्हणाला. "मायकेलमसचा सण, चाकऱ्या नव्यानं ठरायचा दिवस, तीन आठवड्यांवर आलाय. ज्याची आठवण गेली त्याला माझ्या घरात कशाला ठेवायचं?"

खणायचं गुरुवारी ठरलं. खणणारे दोन. एक गाडीवान रूबेन, आणि दुसरा, रिकामाच आहे म्हणून, ईनोस.

"आपुन आधीच काढू तिला," थर्झा घरी म्हणाली. "पहाटं जाऊ."

"काढून कुटं नेऊ?" लिया म्हणाली. "परसात? मालकाचं परस. ओढ्याला? मालकाचा ओढा. चर्चला तर जागाच न्हाई. एकदा दिली तिला पोटुशीला. आता चोरावानी काखंत मारून कुटं हिंडू? म्या हलवणार न्हाई."

"टिकाव माझ्याच हातात आसंल," ईनोस म्हणाला. "माती लागली की वळवीन बाजूला. पाद्रीला काय कळतंय."

थर्झाला वाटलं की त्याला कळेल. तिनं त्याच्या शाळेत आठ वर्षं काढली होती.

गुरुवारी माळावर जत्रा भरल्यासारखं झालं. गाढवाच्या गाडीतून पाण्याचं पिंप आलं, टोपल्या आल्या, घडीच्या खुर्च्या आल्या. आसपासच्या चार घरच्या बाया छत्र्या घेऊन आल्या आणि पोटुशीच्या पायथ्याशी चादरी अंथरून बसल्या. पाद्रीच्या बायकोनं, ऑसगुडबाईनं, थर्झाला निरोप धाडला होता की स्वच्छ एप्रन बांधून ये, केक फिरवायला. शाळेतली हुशार मुलगी म्हणून. खाली शेतात लिया आणि बाकीच्या बायका गारगोट्या वेचतच होत्या. तिथल्या घागरीच्या तळाशी उरलेला गढूळ घोट चौघींनी वाटून प्यायचा, आणि इथं एका बाईनं हात धुऊन अर्धं भांडं गवतावर ओतलं. ते पाणी जमिनीत जाताना थर्झानं बघितलं.

हिरव्या तुकड्याच्या चारी कोपऱ्यांना खुंट्या होत्या. भोवती दोरी.

"खाली एखादा सरदार असणार," पाद्री बायांना सांगत होता. त्याचा चेहरा आनंदानं चमकत होता, ते थर्झालाही मान्य करावं लागलं. "दोन हजार वर्षं, कदाचित जास्त. कवटी मोजून झाली, चित्र काढून झालं, की मी त्याला तसाच टाकून देणार नाही हां. ओकच्या पेटीत घालून आपल्या चर्चच्या आवारात, त्या जुन्या यूच्या झाडाखाली पुरणार. दगडही सांगितलाय."

"पण तो ख्रिस्ती कुठं होता?" एका बाईनं विचारलं.

"त्यात त्या बिचाऱ्याचा काय दोष? त्याच्या काळी कुणी पोचलंच नव्हतं त्याच्यापर्यंत." आणि त्यानं थर्झाच्या ताटातला केक उचलला.

थर्झा तिथून सरकली आणि दोरीजवळ जाऊन उभी राहिली.

रूबेननं वरचा थर कापला. "आयला, लोणी हाय का माती," तो म्हणाला. "सगळीकडं टिकाव उडतोय आन् हितं रुततोय. ईनोस, गड्या, तू का पाय वडतोस? राजाच्या भुताला भितोस व्हय?"

ईनोसचा टिकाव कडेच्या खडूतच पडत होता, पांढरा चुरा उडवत. हळूहळू तो चर बाजूला नेत होता. घामानं झगा पाठीला चिकटलेला. त्या झग्याची एक बाही दुसऱ्या कापडाची होती, हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.

"अरे तिकडे कुठं?" पाद्री ओरडला. "दोरीच्या आत. मधोमध."

"हितं मऊ लागतंय साहेब."

"तू मेंढपाळ आहेस, ईनोस. मधोमध."

रूबेनचा पुढचा घाव मधोमध पडला आणि टिकावाला निळी-करडी माती चिकटून आली. पाद्रीनं ती हातात घेतली, कुस्करली. "चिकणमाती," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज चक्क कापला. "इथली नाही ही. वाहून आणलेली, तुडवून बसवलेली. बघितलंत? त्या लोकांनाही ही कला येत होती. आता हळू. ईनोस, फावडं घे."

ईनोसनं फावडं घेतलं. त्या मातीकडे बघितलं. तिच्यात त्याच्याच टाचेचा ठसा असणार होता. मग त्यानं फावडं आडवं करून खाली ठेवलं, अगदी आवाज न करता, आणि चरातून वर आला.

"काय झालं?" मालकानं विचारलं.

"ह्या म्होरं म्या खणत न्हाई."

"कारण?"

"न्हाई खणत."

मालक खुर्चीतून उठला. "रूबेन," तो म्हणाला, "तू खण."

रूबेननं ईनोसच्या तोंडाकडे बघितलं, मालकाच्या तोंडाकडे बघितलं, आणि खणलं. मातीचं एक ढेकूळ झाकणासारखं सुटून आलं. खाली कापड. मातीनं करडं झालेलं, कडेला कुजलेलं, पण त्यावरची वीण शाबूत. आकडी, आणि आकडीखाली आकडी. कापडाच्या फटीतून पांढरी लोकर.

"लोकर!" पाद्री चरात उतरलाच. "हवा लागली नाही म्हणून टिकली. दोन हजार वर्षं, आणि लोकर." त्यानं खिशातून छोटी थापी काढली.

रूबेननं मात्र टोपी काढली होती. त्याच्या बायकोनं त्याच्यासाठी अशीच बाही भरली होती, चाबकाची वीण घालून. तो एकदा त्या कापडाकडे बघत होता आणि एकदा ईनोसच्या खांद्याकडे, जिथं एक बाही दुसऱ्या कापडाची होती.

"हात लावू नका," थर्झा म्हणाली.

ती दोरी ओलांडून आत आली होती. हातातलं ताट अजून हातातच. पाद्रीनं वर बघितलं. त्याच्या शाळेतल्या कुठल्याही मुलीनं त्याला आजवर असं सांगितलं नव्हतं.

"काय म्हणालीस?"

थर्झा एरवी घरच्यासारखंच बोलायची. पण आता तिनं शाळेतली भाषा काढली, बक्षीस मिळवणारी, एक अक्षर न खाणारी. रागानं तिचा आवाज बारीक झाला होता, पण तुटला नाही.

"तिला हात लावू नका, असं म्हणाले. ती दोन हजार वर्षांची नाही, तीन वर्षांची आहे. तिचं नाव सेलीना मॅस्लेन. ती माझी बहीण आहे. तिच्यासाठी मी तुमच्या दारात आले होते. बर्फ पडत होतं. तुम्ही अंडं खात होतात."

कुणाच्या तरी बशीवर चमचा वाजला.

"तुम्ही म्हणालात, उद्या येईन. ती दुपारी गेली. मग बा आला तर तुम्ही म्हणालात, नियम आहे. आणि आत्ता तुम्ही म्हणालात की राजापर्यंत कुणी पोचलं नव्हतं, त्याचा काय दोष. त्याला ओकची पेटी. तिच्यापर्यंत कोण पोचलं नाही, सर?"

पाद्री ऑसगुड चरात कमरेइतका उभा होता. त्याच्या हातातली थापी खाली गेली. तो बायकोकडे बघत नव्हता आणि बायको त्याच्यावरून नजर काढत नव्हती.

"हा गुन्हा आहे," मालक म्हणाला. "पोर लपवून पुरायचं, कुणाला न सांगता. न्यायाधीशापुढं उभं करीन सगळ्यांना."

"करा की," थर्झा म्हणाली. "मला पहिलं विचारतील पाद्री का आला नाही. मी अंड्यापासून सांगेन."

"लिडियार्ड, थांबा." पाद्री चरातून वर आला. गुडघ्यांना निळी माती लागली होती. त्यानं घसा साफ केला. "त्या वेळी, म्हणजे, मला प्रकृतीची पूर्ण कल्पना दिली गेली नव्हती. झालं ते झालं. मी असं करतो. उत्तरेच्या भिंतीलगत थोडी जागा आहे. प्रार्थना करता येणार नाही, पण शांतपणे, कुणाला न कळवता, तिला तिथं..."

"भिंतीमागं चर्चची राख टाकत्यात," लिया म्हणाली.

ती कधी वर आली कुणी पाहिलं नव्हतं. ओच्यात गारगोट्या तशाच होत्या. ती बायांच्या चादरीवरून चालत आली, कडेनं नाही. मधून. चादरीवर तिच्या पायांचे पांढरे ठसे उठले. दोरीपाशी आल्यावर तिनं ओचा सोडला आणि गारगोट्या खडखडत पाद्रीच्या पायाशी पडल्या.

"वैनी," रूबेन म्हणाला, "म्हाईत नव्हतं गं. देवाशप्पत."

"तुला कुटनं म्हाईत असणार." ती चरात वाकली. कापडाला हात लावला नाही. नुसती जवळ तोंड नेऊन बघत राहिली, पाळण्यात बघतात तशी. मग उठून तिनं फावडं उचललं.

"बाई, मी चांगल्या मनानं सांगतोय," पाद्री म्हणाला. "इथं ती राजा-महाराजांच्या, विधर्म्यांच्या बरोबर..."

"त्यांनी तिला जागा दिली," लिया म्हणाली. "विचारलं बी न्हाई कुटनं आलीस. बाजूला व्हा साहेब. चिकणमातीवर उभं हायसा."

तो बाजूला झाला.

"मायकेलमसला घर रिकामं पाहिजे," मालक ईनोसला म्हणाला. "ऐकलंस? त्या दिवशी सकाळी."

ईनोस खाली बसून बुटाच्या नाड्या सोडत होता. "ऐकलं मालक," तो म्हणाला, आणि दुसऱ्या बुटाची नाडी सोडायला घेतली.

पण माती फुटली होती. सकाळभर उन्हात पडलेली ढेकळं वाळून कडक झाली होती आणि वाळली चिकणमाती तुडवून बसत नाही, तिला पाणी लागतं. तळ्यात पाणी नव्हतं. ईनोसनं ढेकूळ हातात घेऊन चिरडलं, आणि तळ्याच्या कोरड्या खड्ड्याकडे बघितलं.

थर्झानं ताट खाली ठेवलं. ती गाढवाच्या गाडीकडे गेली आणि पिंप आडवं करून गडगडवत घेऊन आली. स्वच्छ एप्रनला खडू लागला, गवत लागलं. बाया पाय आखडून घेत होत्या.

"अगं, ते आमच्या चहाचं पाणी आहे," ऑसगुडबाई म्हणाली.

"व्हय बाई," थर्झा म्हणाली. "चहाचंच हाय."

तिनं बूच काढलं. पाणी चरात पडलं आणि निळी माती काळी होऊन चमकू लागली. लियानं आधी हातानं, ओंजळी ओंजळीनं, कापडावर माती लिंपली. फट बुजेपर्यंत लिंपली. मग ईनोस उतरला आणि त्यानं टाच रोवली. मग लिया. मग थर्झा मोजे काढून उतरली, आणि ती माती इतकी गार होती की तिच्या अंगावर काटा आला. तिघं एकमेकांचे खांदे धरून तुडवू लागले. डावा, उजवा, डावा. रूबेन थोडा वेळ टोपी हातात धरून उभा राहिला, मग त्यानंही बूट काढले.

"तुलाबी घर हाय, रूबेन," ईनोस म्हणाला.

"गाडीवानाला कुटंबी गाडी मिळती," रूबेन म्हणाला, आणि उतरला.

खुर्च्या मिटल्या. चादरी झटकल्या. पाद्री तट्टावर चढला तेव्हा त्यानं एकदा मागं बघितलं. चौघांपैकी कुणीच मान वर केली नाही. गाढवाची गाडी उतरणीला लागली. माळावर नुसता मातीचा आवाज राहिला, पचक, पचक.

माती बसली. ईनोसनं पाठ सरळ केली आणि उरलेल्या ढिगाकडे बघितलं. ढीग अजून बराच होता.

"लिया," तो हळूच म्हणाला, "ह्या वक्ताला वरनं कमी घालू का? पाणी धरणार न्हाई. मंग पुढल्या दुष्काळात हिरवं दिसायचं न्हाई कुणाला."

लियानं कपाळावरचा घाम मनगटानं पुसला. कपाळावर निळा पट्टा उमटला.

"सगळी घाल," ती म्हणाली. "दिसू दे."

थर्झानं पिंप उचललं आणि तळाशी राहिलेलं पाणी त्या ढिगावर पालथं केलं.